गारगोटीला, एका रेडकासाठी

पुण्याहून पहाटेची एसटी पकडली, तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली, एक साडी आणि अर्धवट यादी होती. पुण्यातल्या एका बालवाचनालयाने मला विचारलं होतं, "तुमच्या कोल्हापूरकडच्या लेखक-चित्रकारांची मुलांसाठीची पुस्तकं सुचवाल का?" मुलांच्या पुस्तकांवर मी एका मासिकात बरीच वर्षं लिहिते आहे. एका बैठकीत होईल, असं वाटलं. सात नावं लिहून झाली आणि लक्षात आलं, जे सगळ्यात आधी आठवलं तेच मी लिहायचं टाळते आहे.

ते पुस्तक म्हणजे 'शाळेला आलेलं रेडकू'. गारगोटीच्या बापूसो मास्तरांनी ते स्वतः लिहून, चित्रं काढून, स्वतःच छापून घेतलं होतं. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. म्हशीच्या मागे जायचं सोडून एक रेडकू वर्गात शिरतं आणि गुरुजींची तारांबळ उडते, एवढीच गोष्ट. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यांनी ते मला अभिप्रायासाठी पाठवलं. मी कळवलं, चित्रं सुंदर आहेत, पण 'हाय', 'न्हाय' वाचून मुलांची भाषा बिघडेल. प्रमाण मराठीत करा, मग शिफारस करता येईल. उत्तर आलं नाही. माझ्याकडची प्रत घर बदलताना रद्दीत गेली.

अकराच्या सुमारास कोल्हापुरात उतरले. स्टँडजवळ मिसळ खाल्ली. कट (वरून घालतात तो तिखट रस्सा) पूर्वी मी दोनदा मागून घ्यायचे, आता पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. जवळच्या दोन दुकानांत पुस्तकाची चौकशी केली. दुसऱ्या दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. "गोष्टीची पुस्तकं आता कोन मागतंय ताई? सगळी गाईडं हायत. गारगोटीलाच जावा की, मास्तर हायत अजून."

हायत अजून! त्या भरात मी समोर दिसली त्या गाडीत चढले. तिकिटाला हात पुढे केला, तर कंडक्टर ओरडला, "ओ ताई, ही कागलची गाडी हाय! उतरा, उतरा!" गाडी महामार्गाला लागली होती. उतरून रिक्षाने परत आले आणि तासाभराने गारगोटीची गाडी मिळाली. दोन्ही बाजूंना तुऱ्यावर आलेला ऊस, मधूनच एखाद्या गुऱ्हाळाचा गोड धूर. मुदाळ तिट्टा (तीन रस्ते फुटतात ती जागा) मागे पडला आणि भुदरगडचे डोंगर दिसू लागले. माझ्या मनात मात्र एकच विचार, मास्तरांना पहिलं वाक्य काय बोलायचं?

बाजारात भाजीवालीला घर विचारलं. "ड्रॉइंग मास्तर व्हय? ह्या बोळात शेवटचं. दारावर बैल रंगवलाय बगा."

मास्तर ओट्यावर बसले होते. अंग वाळलेलं, पण सदरा कडक इस्त्रीचा. मी नाव सांगितलं. ते घाईने उठले आणि आत हाक मारली, "आगं शालन, पत्रवाल्या बाई आल्यात पुन्याच्या!"

शालनकाकूंनी चहा विचारलाच नाही, सरळ भाकरी आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) पुढे ठेवला. मी म्हटलं, "मास्तर, मला तुमचं पुस्तक हवंय. पहिलं, होतं तसंच."

त्यांनी कपाटातून उरलेल्या प्रतींचा गठ्ठा काढला. एक उघडली. रेडकाचे ते मिस्कील डोळे तसेच होते. पण प्रत्येक चित्राखाली पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर शाईने रेखीव अक्षरांत लिहिलेलं, 'एक रेडकू शाळेत आले. गुरुजींना आश्चर्य वाटले.'

"तुमचं पत्र आलं आनि दिवाळीच्या सुट्टीत बसलोच की," मास्तर म्हणाले. "सगळ्या प्रती दुरुस्त केल्या."

"मग पाठवल्या का नाहीत?"

मास्तर पानं नीट करत राहिले. काकूच बोलल्या. "शाळंत वाचून दावलं ह्यांनी. आदी पोरं हसून लोळायची. ह्येला एकबी हसलं न्हाय. घरी आले आनि म्हनले, आपल्याला लिवायलाच येत न्हाय. त्यावर परत लिवलं न्हाय बगा काय."

"चूक माझी होती, मास्तर."

"न्हाय ओ बाई. तुमी शिकलेल्या. तुमचं बरोबरच हुतं."

त्यांनी रागावायला हवं होतं. मी ओला फडका घेऊन एक पट्टी सोडवायला गेले, तर खालची छापील अक्षरंही तिच्यासोबत निघून आली. कागदाला भोक पडलं. गोष्ट लिहिलेली मूळ वही केव्हाच पावसात भिजून गेली होती. मास्तरांना काही आठवेना.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "पैलं वाक्य मला ठावं हाय. गुर्जी रेडकाकडं बगत्यात आनि म्हनत्यात, आयला, ह्ये कुनाचं पोरगं म्हनायचं? हजेरीत नाव न्हाय ह्येचं!"

मास्तर मोठ्याने हसले. मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, "पुडं काय हुतं गं?"

"तुमीच लिवलंय की. मला काय इचारता?"

दोघांनाही पुढचं आठवेना. मी ते वाक्य यादीच्या पाठीमागे उतरवून घेतलं. पुन्हा लिहाल का, असं निघताना विचारलं. "आता तसलं सुचत न्हाय," एवढंच म्हणाले, आणि पट्ट्या लावलेली एक प्रत सही करून माझ्या हातात दिली.

पुण्याला येऊन यादी पूर्ण केली. हे नाव सगळ्यात वर लिहिलं. दोन दिवसांनी वाचनालयात काम करणाऱ्या मुलीचा फोन आला, "हे पहिलं पुस्तक कुठे मिळेल?"

"कुठेच नाही," म्हटलं, आणि तिला सगळं सांगितलं.

तिने विचारलं, "मग यादीतून काढायचं का?"

"नको. एकदा मी काढलंय, तेवढं पुरे. नावापुढे एक वाक्य छापा फक्त." मी काकूंचं वाक्य वाचून दाखवलं. ती लिहून घेता घेता खळखळून हसली, आणि म्हणाली, "अय्या, मग पुढे?"