जीप झाली, शेड आवरायची राहिली

जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्यांकडे एवढे किस्से कुठून येतात, ते मला आता कळलंय. ते शेडच्या कोपऱ्यात पडलेले असतात. झाडू मारला की एक नट निघतो, आणि नटामागून किस्सा निघतो. मग झाडू बाजूलाच राहतो.

आमची शेड मांडवीला, घराच्या मागच्या अंगाला. वडिलांची जीप तिथे अठरा वर्षं उभी होती. एके काळी त्या जीपमधून आमच्या बागेतल्या आंब्यांची ने-आण व्हायची. मी बँकेतून रिटायर झालो आणि आम्ही चौघांनी ती पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरवलं. चौघं म्हणजे पूर्णगडचे इस्माईलभाई, ज्यांची बहुतेक नोकरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले बापू मास्तर. मूळचा संगमेश्वरचा वायरमन सुधाकर. आणि मी, ज्याला पान्यावरचा नंबर वाचता येतो, एवढंच. वार ठरलेला, रविवार. तीन वर्षं आम्ही तो चुकवला नाही.

दिवाळीत जीप सुरू झाली. संक्रांत झाल्यावर नलिनीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, फर्मान काढलं. "आंबे यायच्या आत शेड रिकामी पाहिजे. पेट्या काय माझ्या स्वयंपाकघरात भरणार?"

मागणी रास्त होती. पण शेड आवरली की रविवारी जमायला कारण उरणार नाही, हे आम्हा चौघांनाही कळत होतं. मला तर त्याची भीतीच वाटत होती. साठीनंतर नुसतं 'ये रे बसायला' म्हटलं म्हणून कोणी येत नाही. काहीतरी बिघडलेलं लागतं.

म्हणून एका रविवारचं काम आम्ही चार रविवार पुरवलं.

*

पहिल्यांदा निघाल्या बरण्या. आमच्या कामाची पद्धत अशी, की गाडीचा जो भाग सुटेल त्याचे बोल्ट एका बरणीत जायचे आणि बापू त्यावर सुंदर अक्षरात चिठ्ठी चिकटवायचे. बरण्या अर्थात नलिनीच्या लोणच्याच्या. एकेक करून तिच्या फळीवरून सगळ्या शेडमध्ये आल्या.

जीपचं काम सुरू झालं त्या पहिल्याच रविवारी सुधाकरने मूठभर बोल्ट शर्टाच्या खिशात टाकले आणि शर्ट त्याच्या घरी धुवायला गेला. बायकोने बोल्ट काढून कुठे ठेवले, ते आजतागायत कळलेलं नाही. तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ ठरून गेली. "मडगार्डचा ब्रॅकेट, उजवा. बोल्ट सहा. हरवल्यास सुधाकर जबाबदार."

सुधाकर म्हणायचा, "मास्तर, माझ्या नावाची पाटी माझ्या घराला पण नाय, आणि हितं पंचवीस बरण्यांवर हाय!"

*

या चिठ्ठ्यांनीच एकदा आमचा अख्खा रविवार खाल्ला. जोडायची वेळ आली तेव्हा ब्रॅकेटचं एकही भोक जुळेना. इस्माईलभाई घामाघूम. दुपारी जेवताना उलगडा झाला. बापूंनी चित्रकाराच्या सवयीने जीपसमोर उभं राहून उजवं-डावं लिहिलं होतं, आणि इस्माईलभाई ड्रायव्हरच्या जागेवरून उजवं-डावं धरून जोडत होते. म्हणजे बापूंचं उजवं ते यांचं डावं.

इस्माईलभाईंनी हात धुतले आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, आमच्यात उजवं-डावं जहाजाचं असतं, बघणाऱ्याचं नसतं."

बापूंनी त्या संध्याकाळी पंचवीस चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या. शेवटच्या ओळीसकट.

*

रंगाचे डबे मात्र आवरताना कोणी हातात घेईना, कारण तो किस्सा माझा होता.

वडिलांची जीप हिरवी होती, हे मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलेलं. मी तिच्यात पेट्यांवर बसून वाढलो, मला माहीत नसणार तर कोणाला? बाहेरचा रंग तर गंजाने कधीच खाल्लेला. रंग आणला. हिरवा. आणि घासताना डॅशबोर्डच्या मागे मूळ रंग निघाला, तो चक्क राखाडी. त्याच्यावर ना हिरव्याचा थर, ना ठिपका.

मी पायरीवर जाऊन बसलो. रंगाचं काही नव्हतं हो, पण वाटलं, हे एवढं चुकलं तर बाकीचं किती बरोबर असेल? बाबांचं शिट्टी वाजवणं, वळणावर माझ्या छातीसमोर हात आडवा धरणं, ते तरी खरं ना?

बापू शेजारी येऊन बसले. म्हणाले, "गाडी बाबांची आहे, आठवण तुझी आहे. कुठली रंगवायची ते तू ठरव."

जीप हिरवी केली. डॅशबोर्डच्या मागे तेवढा राखाडी ठेवलाय.

*

सुधाकरचं वायरिंग हा स्वतंत्र विषय आहे. पहिल्या फेरीला आम्ही चौघंही बाजारात निघालो. मासळीबाजाराच्या तोंडाशी इस्माईलभाईंनी ब्रेक दाबला आणि हॉर्न वाजला. सोडला, बंद झाला. दाबला, पुन्हा वाजला. कोळणी पाट्या सावरत उठल्या. एक म्हातारी म्हणाली, "थांबतंस तर थांब ना मेल्या, बोंबलतंस कशाला?"

सगळ्यांनी मागे वळून सुधाकरकडे बघितलं. तो जराही डगमगला नाही.

"गाडी थांबतेय, हे लोकांना कळायला नको?"

*

तिसऱ्या रविवारी इस्माईलभाईंचा जुना कोट खुंटीवर सापडला, आणि रोटरचं प्रकरण निघालं.

डिस्ट्रिब्यूटरच्या काळ्या टोपीखाली बोटाएवढा एक तुकडा असतो, तो रोटर. तो काढून घेतला तर गाडी जन्मात सुरू होत नाही. इस्माईलभाई जहाजावर जाण्याआधी जीपवर ड्रायव्हर होते. गाडी कोणी पळवू नये म्हणून उतरताना रोटर काढून खिशात टाकायचा, ही त्यांच्या हाताची तेव्हाची सवय. चाळीस वर्षांनीही गेलेली नव्हती.

एका शनिवारी त्यांनी येऊन इंजिन चालवून बघितलं आणि पूर्णगडला भाचीच्या लग्नाला गेले. रविवारी आम्ही तिघं किल्ली फिरवतोय, काही नाही. प्लग काढले. कार्बुरेटर उघडला. सुधाकरने बॅटरी बदलली, बापूंनी आठ नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. नलिनी चहा घेऊन आली आणि जरा वेळ उभी राहिली.

"इस्माईलभाई जाताना त्या काळ्या टोपीखालचं काहीतरी खिशात घालतात," ती म्हणाली. "ते आहे का जागेवर?"

आम्ही हसलो. सुधाकर म्हणाला, "वयनी, तुम्ही चहाचं बघा." मग आम्ही पेट्रोलची टाकी उतरवली.

चार वाजता फोन आला. मागे लग्नाचा गलका चालू होता. इस्माईलभाई म्हणाले, "वसंता, बिर्याणी वाढताना कोटातून काहीतरी खाली पडलं. बघतो तर रोटर."

नलिनीने त्या दिवशी आम्हाला एका शब्दानेही टोचलं नाही. फक्त दुसरा चहा दिला नाही.

*

चौथ्या रविवारी शेड खरोखर रिकामी झाली. शेवटचं काम सीटखाली झाडण्याचं. तिथे सांध्यात अडकलेला पेंढ्याचा एक झुबका निघाला. आंब्याच्या पेट्यांतला, बाबांच्या वेळचा. हातात घेतला तर भुगा होईल असा. मी तो केराच्या सुपाकडे नेत होतो, तर इस्माईलभाईंनी मनगट धरलं. "जिथलं तिथे ठेव," एवढंच म्हणाले. मी ठेवला.

बरण्या धुऊन, चिठ्ठ्या खरवडून नलिनीच्या फळीवर परत गेल्या. पाने भिंतीवर टांगले. चौघांनी दारात उभं राहून शेड बघितली. इतकी स्वच्छ होती, की बसायला कुठे जागाच दिसेना. बापू म्हणाले, "बरं झालं आवरलं ते." सुधाकर म्हणाला, "येतो." तो पुढच्या रविवारी येतो म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

*

पुढचा रविवार आला. मी सवयीने लवकर उठलो, जुना शर्ट घातला, शेडचं दार उघडून बसलो. भिंतीवरचे पाने पुसलेलेच होते, ते पुन्हा पुसले. बापूंचा फोन आला, हवापाण्याचं बोलून त्यांनी ठेवून दिला. दुपारी जेवताना नलिनीने विचारलं, "माशाला मीठ कमी आहे का?" मी म्हटलं, "नाही." तिने माझं अर्धं राहिलेलं ताट उचललं.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी ती म्हणाली, "जीप काढा आणि चार नारळ घेऊन या."

किल्ली फिरवली. काही नाही. बॉनेट उघडलं, बघितलं, बंद केलं. माझं ज्ञान तेवढंच.

"मग बोलवा त्यांना," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "बसून काय राहिलात?"

अर्ध्या तासात तिघंही हजर. इस्माईलभाई तर पूर्णगडहून इतक्या लवकर कसे पोचले, देव जाणे. तिघांच्याही अंगात कामाचे जुने कपडे होते. सुधाकर बॅटरीला भिडला, बापू चष्मा शोधू लागले. इस्माईलभाईंनी, आता अनुभव होता म्हणून, आधी ती काळी टोपी उचलली. आत बघितलं. स्वतःचा खिसा चाचपला. मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं आणि टोपी होती तशी परत लावली.

"काय झालंय?" मी विचारलं.

"मोठं काम आहे," ते म्हणाले. "सगळं उतरवायला लागेल. पाच-सहा रविवार तरी जातील. जा, एक बरणी घेऊन ये."

मी आत गेलो. चुलीवर भलं मोठं पातेलं होतं, आणि ओट्यावर तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, टोपली, चार-पाच जण पोटभर जेवतील एवढी. नलिनी माझ्याकडे पाठ करून खोबरं वाटत होती. तिला लागणारे नारळ तिच्याकडे होतेच. फळीवर धुतलेल्या बरण्यांची रांग होती. मी हात घातला, तर कडेच्या बरणीवर एक नवी चिठ्ठी. अक्षर बापूंचं नव्हतं.

"रोटर. नग एक. हरवल्यास नलिनी जबाबदार."

"ती सोडून दुसरी घ्या," ती मागे न वळता म्हणाली.