पिंगळीची गाडी कुठून कुठं गेली

मला एका जागी बसून गाणं ऐकता येत नाही. लोक डोळे मिटून ऐकतात. मी उठते, खिडकी लावते, परत उघडते, पाणी पिऊन येते. नवरा म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी आहे. असेल. ती कुठं लागली हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे. सेलूला, आमच्या पुढच्या खोलीत, एका दिवाळीत.

माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हा औरंगाबादला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम शिकत होता. नामांतराच्या त्या दिवसांत शहर केव्हा बंद होईल याचा नेम नसे, आणि बंद झालं की तो मिळेल त्या गाडीनं घरी यायचा. त्या दिवाळीला तो आला तो स्वतः जुळवलेला स्टिरिओ डेक आणि दोन उघडे स्पीकर घेऊन. त्यांना पेट्या करायला लाकूड नव्हतं. मग त्यानं कुंभारवाड्यातून दोन माठ आणले, त्यांच्या तोंडाशी स्पीकर बसवले आणि आईच्या डोक्यावरच्या चुंबळी खाली घालून ते आडवे ठेवले. एक खिडकीशी, एक आतल्या दाराशी. आई म्हणाली, "प्यायच्या पाण्याचा माठ गळायलाय, त्याचं कुनाला काय न्हाई."

दादाचं एकच वेड होतं. आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटला तर सगळी मेहनत वाया गेली, असं तो म्हणायचा. आवाज मोकळा झाला पाहिजे, भिंतीच्या पार पसरला पाहिजे. त्यासाठी तो दिवसभर माठ सरकवायचा. वीतभर पुढं, चार बोटं मागं, तोंड जरा आत. त्या माठांचं म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड झालं होतं. खोलीच्या मधोमध त्यानं खडूनं फुली मारून तिच्यावर लोखंडी खुर्ची ठेवली होती आणि ती हलवायची कुणाची टाप नव्हती.

पहिल्यांदा त्यानं मलाच तिथं बसवलं. सतार खिडकीच्या बाहेरून, पार रस्त्याच्या कडेनं आली. तबला दाराच्या पलीकडं, आईच्या चुलीजवळ वाजत होता. आणि गाणारी बाई माझ्यासमोर ज्वारीच्या कणगीपाशी उभी होती, जिथं कुणीच नव्हतं. आमची एवढीशी खोली, पण मला वाटलं, आपण बाजाराच्या मैदानात बसलोय. मला इतका आनंद झाला की रडू आलं. आणि लगेच मी खुर्चीवरून उठले, कारण मला अण्णांची आठवण झाली.

अण्णा, आमचे वडील, जिनिंगमध्ये मिस्त्री होते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशिनींची तिथं लांब ओळ असते. एखाद्या मशिनीत पोलादी पट्टी घासायला लागली की ठिणगी पडते, आणि कापसाला ठिणगी म्हणजे काय ते सांगायला नको. त्या एवढ्या गोंगाटात कोणती मशीन घासतेय हे कानानं ओळखायचं, हे अण्णांचं काम. आणि अण्णांचा उजवा कान साफ गेला होता. एका कानाला आवाज ऐकू येतो, पण तो कुठून येतोय ते कळत नाही. मग ते ओळीतून फिरताना प्रत्येक मशिनीवर तळहात ठेवायचे आणि थरथरीवरून ओळखायचे. लोकांना वाटायचं, मिस्त्रीची माया हाय मशिनीवर.

हे आईला आणि मला माहीत होतं. दादाला सांगायचं नाही, असं आईनं बजावलं होतं, कारण दादाच्या तोंडात तीळ भिजत नसे. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणायची. जिनिंगचं काम सीझनपुरतं. दिवाळी झाली की दिवाणजी, म्हणजे तिथला कारभार पाहणारा माणूस, एकेकाला बोलावणार. ज्याला बोलावणं नाही तो घरी. आदल्या वर्षी एका म्हाताऱ्या फिटरची नजर अधू झाल्याचं कळलं आणि त्याला बोलावणं आलंच नाही. अण्णांच्या कानाची गोष्ट बाहेर फुटली असती तर आमचंही तेच झालं असतं.

आणि घरात दादानं नेमकं कानाची परीक्षा घेणारं यंत्र आणून मांडलं होतं. माझा जीव टांगणीला लागला.

त्यात त्याच्याकडं एक कॅसेट होती. पिंगळीच्या स्टेशनावर मित्राचा टेपरेकॉर्डर नेऊन, दोन माइक दोन बाजूंना लावून, त्यानं गाडी भरून आणली होती. गाडी खिडकीकडून यायची, इंजिन धापा टाकत नाकासमोरून जायचं आणि डब्यांचा खडखडाट दारातून निघून जायचा. फराळाला जो येईल त्याला आधी खुर्ची, मग चिवडा, असा दस्तूरच पडला. माणसं नुसती बसून राहत नसत. गाडीबरोबर त्यांची मान खिडकीकडून दाराकडं वळायची. शेजारच्या आजींनी तर पायही वर घेतले. गल्ली हसून हसून बेजार झाली, आणि मी मात्र घरात नुसती येरझाऱ्या घालत होते.

अण्णा खुर्चीजवळ फिरकत नव्हते. कधी अंघोळ, कधी बाजार, कधी डोकं दुखतंय. दादाला ते फार लागलं. "अण्णाला माझं कायच आवडत न्हाई," तो मला म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. मला त्याचा राग आला, आईचा आला, अण्णांचा आला. खरं सांगून मोकळं व्हावं असं दहादा ओठांवर आलं.

पाडव्याला सकाळी दादा आनंदानं सांगत आला, दिवाणजी संध्याकाळी फराळाला येणार आहेत, त्यांना गाडी ऐकायचीय. आणि त्यांच्यासमोर अण्णांना बसवायचंच, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

मी अण्णांना परसात नेलं, त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले. "खिडकीकडून येती, दाराकडं जाती," मी सांगितलं. "तेवढी मान वळवा. एकदम न्हाई, हळूहळू."

"डबे किती हाईत?"

"डबे कशाला पायजेत?"

"मंजे मान कवा सरळ करायची ते कळंल." अण्णा कुठलंही काम अर्धवट करत नसत. डाळिंबाच्या झाडासमोर बसून त्यांनी मान डावीकडून उजवीकडं नेऊन दाखवली. चांगली जमली. मग हसून म्हणाले, "मी खोटं बोलायलो न्हाई बरं का, नुसती मान हलवायलोय."

संध्याकाळी खोली माणसांनी भरली. दिवाणजी भिंतीला टेकून बसले. आधी त्यांनीच गाडी ऐकायची, पण ते म्हणाले, "पैले मिस्त्रीला ऐकू द्या. पोराची कमाई हाय." अण्णा खुर्चीवर बसले, धोतराचा सोगा नीट केला. मी आतल्या दारात करंज्यांचं ताट घेऊन उभी होते. दादानं बटण दाबलं.

गाडी दाराकडून आली. माझ्या पायाशी.

दुपारी येणाऱ्याजाणाऱ्यांचा पाय लागून दाराकडच्या माठाला तडा गेला होता. तडकलेला माठ खिडकीशी सुरक्षित राहील म्हणून दादानं दोन्ही माठ वायरींसकट इकडचे तिकडं केले होते. मी चुलीपाशी करंज्या तळत होते, मला काय पत्ता. अण्णांनी मात्र मान आधीच खिडकीकडं नेली होती. इंजिन माझ्या बाजूनं धडधडत आलं, खोलीतल्या सगळ्या माना दाराकडून खिडकीकडं वळल्या आणि अण्णांची एकट्याची, सावकाश, मोठ्या रुबाबात, खिडकीकडून दाराकडं आली. माझ्याशी नजरानजर झाली तेव्हा ते समाधानानं किंचित हसले. बरोबर जमलं, असं विचारत असावेत. 

"मिस्त्री, गाडी तिकडून आली, तुमी इकडं काय बघायलाव?" कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं दादा हसला. मग त्याचं लक्ष आईकडं गेलं. आई हसत नव्हती. त्यानं माझ्याकडं पाहिलं, अण्णांच्या उजव्या कानाकडं पाहिलं आणि डेक बंद केला. टेप बिघडली, असं काहीतरी पुटपुटला.

दिवाणजी चिवडा खात होते. ते हसले नव्हते. अण्णा खुर्चीतून उठले, हसणाऱ्यांबरोबर थोडं हसले आणि माझ्या हातातलं ताट घेऊन स्वतः करंज्या वाटायला लागले. काय झालं ते त्यांना कळलं होतं. 

दिवाणजी निघाले तसे अण्णा त्यांना सोडायला ओसरीपर्यंत गेले. मागं सुपारी घेऊन मी. दिवाणजी अण्णांच्या उजव्या अंगाला उभे राहून चपला घालत होते. खाली बघतच ते म्हणाले, "मिस्त्री, सोमवारी मशिनी चालू करायच्यात. तुमी याल ना?"

अण्णा रस्त्याकडं बघत उभे होते. समोर पोरं न फुटलेले फटाके शोधत होती, तिकडं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण दिवाणजींच्या देखत सांगणार कसं.

दिवाणजींनी वर पाहिलं. अण्णांकडं, मग माझ्याकडं. त्यांची एक चप्पल घालायची राहिली होती. ती तशीच सोडून ते अण्णांच्या पुढून वळसा घालून डाव्या अंगाला गेले आणि तेच शब्द, तेवढ्याच आवाजात, परत बोलले.

"येतो की," अण्णा म्हणाले. "न यायला काय झालं?"