मानकरी आल्याशिवाय पेपर उलटायचा नाही

रद्दीवाला आमच्या क्लासमधून वर्षातून दोनदा जुने पेपर नेतो, पण किस्से काही नेत नाही! ते साठतच चाललेत. आमच्या गोव्यात, पेडण्यात विमानतळ आल्यापासून मी मोठ्यांना इंग्लिश शिकवते आणि टेस्टला बसवते. कुणाला कॅन्टीनमध्ये लागायचंय, कुणाला सिक्युरिटीत, कुणाला ड्रायव्हर म्हणून. नोकरी कोणतीही असो, आधी इंग्लिशचं सर्टिफिकेट दाखवा! त्यामुळे ज्यांनी शाळा सोडून वीस-पंचवीस वर्षं झाली ते परत बाकावर येऊन बसलेत, आणि बाकं आहेत सातवीच्या पोरांच्या मापाची.

माझ्या जोडीला उदय सर. पेपर वाटणं, घड्याळ लावणं, कॉपी पकडणं हे सगळं त्यांच्याकडे. नियम म्हणजे नियम! हा माणूस स्वतःच्या लग्नातसुद्धा मुहूर्ताच्या अकरा मिनिटं आधी पाटावर उभा होता म्हणतात.

तर सुरुवात ऐकण्याच्या टेस्टपासून करते.

* * *

ही टेस्ट स्पीकरवर होते. रेकॉर्ड केलेली एक बाई बोलते, आपण ऐकून उत्तर लिहायचं. पहिल्याच बॅचला मी बटण दाबलं, बाई म्हणाली, "गुड मॉर्निंग!"

अख्खा वर्ग उभा राहिला. "गुड मॉर्निंग, टीचर!"

मी सगळ्यांना खाली बसवलं. समजावलं की ही बाई इथं नाही, तिला काही ऐकू येत नाही. माना हलल्या. पुढं बाईनं गाडीची वेळ सांगितली आणि म्हणाली, "आय विल रिपीट."

पहिल्या बाकावर आमच्या कुसुमवैनी. दहा माणसांचं जेवण एकटीनं करणारी बाई, कॅन्टीनच्या कामासाठी टेस्ट देत होत्या. त्यांनी स्पीकरकडे हात केला. "नाका गो बाय, कळला माका! तू दमतली मगे!"

बाईनं ऐकलं नाही. परत सगळं सांगितलं. टेस्ट संपल्यावर कुसुमवैनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "टीचर, सकाळधरून उलयता ती, घसो सुकलो आसतलो. चाय तरी विचारा!"

* * *

याच कुसुमवैनींचा शब्दसंग्रहाचा पेपर. चित्र बघायचं आणि खाली इंग्लिश नाव लिहायचं. गाय, छत्री, खुर्ची सगळं बरोबर. एक चित्र होतं पाकिटातल्या कापलेल्या ब्रेडचं.

आता आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंपू वाजवत दोन वेळा येतो. उंडो वेगळा, पोळी वेगळी, कातरो वेगळा, कांकणां वेगळी. पावाची एवढी नावं असताना हे पाकिटातलं काय? ते आमच्या घरात कधी येतं? कुणाला ताप आला तरच! दुधात बुडवून द्यायला.

कुसुमवैनींनी चित्राखाली लिहिलं होतं, "समबडी सिक."

मी अर्धा मार्क दिला. उदय सर खवळले. "टीचर, आन्सर-कीमध्ये एकच शब्द आहे! हे उत्तर चुकीचं आहे!" म्हटलं, सर, चुकीचं कुठाय? हे तर जरा पुढचं उत्तर आहे.

पुढच्या आठवड्यात सर दोन दिवस आजारी पडले. तिसऱ्या दिवशी आले ते तोंड पाडून. म्हटलं काय झालं? म्हणाले, "काही नाही. कुसुमवैनी घरी येऊन ब्रेडचं पाकीट देऊन गेल्या. त्यांचा तो अर्धा मार्क पूर्ण करा."

* * *

उदय सरांवर सगळ्यात मोठा प्रसंग आला तो पुंडलीक मानकऱ्यांच्या बॅचला. एकाच गावातली चौदा माणसं सिक्युरिटीच्या नोकरीसाठी एकत्र बसली होती. त्यातले पुंडलीकबाब गावच्या देवळाचे मानकरी, म्हणजे जत्रेत पहिला नारळ त्यांचा, पहिला मान त्यांचा.

सरांनी पेपर पालथे वाटले. दहाच्या ठोक्याला म्हणाले, "स्टार्ट!"

कुणी हललं नाही.

"अहो, स्टार्ट! वेळ सुरू झाली!"

तेरा जण हाताची घडी घालून बसलेले. शेवटी मागून एक जण म्हणाला, "सर, मानकरी येयसर पेपर कसो परतूचो?"

मानकऱ्यांची मोटरसायकल पंक्चर झाली होती. सरांनी नियम वाचून दाखवला, मग दुसऱ्यांदा वाचून दाखवला, मग हात जोडले. तेरा माणसं आणि तेरा पालथे पेपर, जागचे हलले नाहीत. वीस मिनिटांनी पुंडलीकबाब घाम पुसत आले, बसले, पेपर कपाळाला लावला आणि उलटा केला. लगेच खर्रकन तेरा पेपर उलटले.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. संध्याकाळी पेपर तपासायला घेतले. पुढच्या पानावर सगळ्यांची उत्तरं बरी होती. मागच्या पानावर मात्र एकाही पेपरात एक अक्षर नाही! चौदाच्या चौदा कोरे!

मी पुंडलीकबाबांना फोन लावला. ते म्हणाले, "मागल्यान पण आशिल्लें? माका दिसलाच ना!"

बाकीच्या तेरा जणांना दिसलं होतं. सगळ्यांनाच दिसलं होतं!

* * *

आता अर्जुनबाबांकडे येते. अर्जुन गावस, डिचोलीकडच्या पाळी गावचे. वीस वर्षं खाणीवर मातीचा ट्रक चालवला. घाटीच्या वळणावर रिव्हर्स घेताना आरशात न बघणारा माणूस! खाण बंद झाली, ट्रक दारात उभा राहिला आणि गंजला. विमानतळावर प्रवाशांची बस चालवायची नोकरी होती. गाडीची परीक्षा त्यांनी एका हातानं दिली. इंग्लिशचं सर्टिफिकेट मात्र राहिलं. त्यासाठी संधी फक्त तीन.

क्लासला येणं सोपं पडावं म्हणून ते बायकोच्या माहेरी, हळर्णात राहायला आले. सासुरवाडीला जावई चार दिवस गोड. हे आठ महिने राहिले! त्यांची तिथली पत मला रोज माशांवरून कळायची. पहिल्या आठवड्यात ताटात इसवण, म्हणजे सुरमई होती. महिन्यानं बांगडे आले. पहिल्यांदा नापास झाले तेव्हा स्वस्तातल्या तारल्यांवर आले. आणि रोज संध्याकाळी सासरे ओसरीवरून विचारायचे, "जावयबापू, पास?"

मला या माणसाची फार काळजी वाटायची. मनापासून सांगते, बाकी कुणी नापास झालं तर मी हसून सोडून देते, पण अर्जुनबाब पेपर हातात घेऊन जिना उतरायचे तेव्हा मला खिडकीतून बघवायचं नाही.

पहिला पेपर कशानं गेला? तर वाचनाच्या उताऱ्यानं. उतारा असा: मिस्टर ब्राऊन शेजाऱ्याच्या लग्नाला गेले नाहीत. त्यांची गाडी बिघडली होती. त्यांनी फुलं पाठवली. प्रश्न: ब्राऊन लग्नाला का गेले नाहीत?

उत्तर समोर छापलंय! अर्जुनबाबांनी लिहिलं, "डेथ इन फॅमिली."

मी म्हटलं, अहो, गाडी बिघडली असं स्पष्ट लिहिलंय ना?

"टीचर, शेजाऱ्याच्या लग्नाक गाडी कित्याक जाय? वंयीपलतडी तर घर! तो मनीस कितेंतरी लिपयता. घराक सुतक आसतलें, आनी लग्नघरांत तशें सांगचें न्हय, म्हणून गाडयेचें निमित्त केलां."

मी उतारा परत वाचला. मग चहा करून आणला आणि पुन्हा एकदा वाचला. खरंच, शेजारीच लग्न असताना गाडी कशाला लागते हो?

* * *

पहिल्या नापासानंतर अर्जुनबाबांनी देवाला कौल लावला. आमच्याकडे मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. अर्जुनबाबांनी विचारलं, मी पास होणार का? उजवी पडली!

एवढ्यानं समाधान झालं असतं तर बरं. पण अर्जुनबाब मी घरी दिलेला सरावाचा पेपरच देवळात घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे तक्रार. "टीचर, ह्या पेपरांत चार-चार पर्याय कित्याक? दोन करात. देव उजवें नी दावें इतलेंच सांगता!"

मी हात जोडले. म्हटलं, देवाला व्याकरणात ओढू नका. आणि भटजींनी तरी हे कसं चालवून घेतलं?

"भटजी तयार आशिल्ले. पूण पयलोच प्रश्न वाचूंक जमलो ना तांकां. म्हणाले, 'अर्जुना, देवाक इंग्लिश येता रे, म्हाका येना!'"

पुढच्या बॅचला भटजींनी नाव घातलं. व्याकरणात पहिले आले!

* * *

दुसऱ्या संधीत अर्जुनबाबांचा लेखी पेपर सुटला आणि बोलण्याच्या परीक्षेत तोंड बंद पडलं. दोन मिनिटं बोलायचं होतं. ते दोन मिनिटं खाली बघत बसले. "तोंडांत येता, टीचर. भायर येना." त्या आठवड्यात ताटात सुक्या सुंगटांची किसमूर होती, म्हणजे नुसती सुकटीची चटणी.

उरली तिसरी आणि शेवटची संधी. परीक्षा घ्यायला पुण्याहून मॅडम आल्या होत्या. परीक्षेत नाटक करायचं असतं. मॅडम प्रवासी, उमेदवार ड्रायव्हर. मॅडम अडचण सांगणार, उमेदवारानं बोलून ती सोडवायची. मी अर्जुनबाबांना चार-चारदा बजावलं होतं, "नाटक आहे असं मनात आणूच नका. अगदी खरं आहे असं समजा. मग बोलणं आपोआप येतं!"

मी कोपऱ्यात बसले. मला एक शब्दही बोलायला बंदी. उदय सर घड्याळ घेऊन दाराशी उभे.

मॅडमनी चेहरा घाबरा केला. "एक्सक्यूज मी! आय लेफ्ट माय बॅग अॅट द लॉज! माय फ्लाइट इज इन वन अवर!"

अर्जुनबाबांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. उठले. दाराबाहेर गेले. खाली मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला.

"पळाला," उदय सर म्हणाले.

आठ महिने! सासऱ्यांची ओसरी डोळ्यांपुढं आली. मॅडम भल्या होत्या, म्हणाल्या, थोडी वाट बघू. चहा आला, संपला. अर्धा तास झाला. मॅडमनी नाइलाजानं फॉर्म पुढं ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अर्जुनबाब आत आले, डोक्यावर हेल्मेट, आणि धाडकन टेबलावर एक निळी बॅग ठेवली.

मॅडम बघतच राहिल्या. ती त्यांचीच बॅग होती! पेडण्यात बाहेरचं माणूस कुठं उतरलंय हे कुणाला विचारावं लागत नाही. वरच्या उघड्या कप्प्यात ओला टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेला, शेजारी टूथब्रश, आणि लॉजमालकाच्या बायकोनं प्रवासाला दिलेले मूठभर काजू.

"बॅग. कम, मॅडम. फास्ट!" अर्जुनबाब म्हणाले. "व्हॉट टाइम फ्लाइट?"

मॅडमच्या तोंडून खरं तेच निघालं. "टुमॉरो."

"टुमॉरो?"

अर्जुनबाबांनी हेल्मेट काढलं. आणि मग जे सुटले! "टुमॉरो? देन व्हाय यू टेल वन अवर? आय गो लाइक मॅड! बस इज कमिंग, आय गो लेफ्ट! काऊ इज सिटिंग, आय गो राइट! लॉज मॅन टेल, नो की! आय टेल, ब्रेक द लॉक, लेडी इज क्राइंग! हिज वाइफ पॅक युअर टॉवेल, माय मदर नॉट पॅक लाइक दॅट! अँड यू आर सिटिंग हिअर, ड्रिंकिंग टी!" उतारावर ब्रेक गेलेल्या ट्रकसारखे चालले होते. उदय सरांनी सवयीनं घड्याळाचं बटण दाबलं होतं. दोन मिनिटं चाळीस सेकंद!

मॅडमनी फॉर्म सरळ केला. "उमेदवार न थांबता दोन मिनिटं बोलू शकतो का" याच्यापुढं टिक मारली. "प्रवाशाची अडचण सोडवली का" याच्यापुढं टिक मारली. खाली सही केली, शिक्का मारला, फॉर्म अर्जुनबाबांच्या हातात दिला. मी कोपऱ्यात डोळे पुसत होते आणि बोलायची बंदी अजून उठली नव्हती.

मॅडमनी बॅग जवळ ओढली आणि जरा चाचरत विचारलं, "अँड... माय रूम?"

"रूम गॉन, मॅडम," अर्जुनबाब म्हणाले. "लॉज मॅन गेव्ह टू अदर पीपल. व्हेरी गुड पार्टी. थ्री डेज!"