तिरका दात

दंतोपंत हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो कवळ्या बनवायचा, म्हणून इमारतीतल्या टवाळांनी ते चिकटवलं आणि त्यानेही कधी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायला आधी माणसांत राहावं लागतं. बायको गेल्यापासून तो पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसायचा, डॉक्टरांकडून आलेल्या मापांवरून साचे करायचा, मेणात दात लावायचा. दिवसभर लोकांच्या तोंडांचंच काम, पण कुणाच्या तोंडी लागायचा नाही. देवाशी तर त्याने बोलणंच टाकलं होतं.

भिंतीपलीकडच्या बाईंचं उलट. एकुलता एक मुलगा भांडून गेला तो परत फिरकला नाही, तेव्हा बोलायला कुणीतरी हवं म्हणून त्यांनी देवाला धरलं. रोज सकाळी त्या मोठ्याने प्रार्थना म्हणत. भिंत पातळ, त्यामुळे प्रार्थनेतला निम्मा वाटा दंतोपंताला मिळे. देवाचं नाव निघालं की ज्याच्या कपाळाला आठी पडायची, तोच माणूस त्या आवाजावर चहाचं आधण ठेवू लागला. प्रेम म्हणा, सवय म्हणा, त्या वयात दोन्हींत फारसा फरक नसतो.

मग एका आजारपणात बाईंचे उरलेसुरले दात गेले आणि प्रार्थना बंद पडली. जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी तोंडावर हात धरला होता.

"शब्द निसटतात हो भाऊ," त्या म्हणाल्या. "असं बोबडं बोलून त्याला हाक कशी मारू? त्याने तरी मला ओळखावं कसं?"

यावर काही धीराचं बोलायला दंतोपंत हा अगदीच चुकीचा माणूस होता. तो म्हणाला, "मी करून देतो."

माप डॉक्टरांनी घेतलं, पुढचं सगळं त्याने केलं. त्याच्या कामाची एक रीत होती. सगळे दात पट्टीने आखल्यासारखे लावले की कवळी चारचौघांत चुगली करते. म्हणून मेण मऊ असतानाच तो समोरचा एखादा दात जरासा वळवायचा. कोणता, ते हातावर सोडायचा. बाईंच्या वेळी हात बराच रेंगाळला. वरच्या ओळीतला एक दात त्याने शेजारच्यावर किंचित चढवला आणि त्याचा जीव कसा निवला. इतकं देखणं काम कित्येक वर्षांत त्याच्या हातून झालं नव्हतं.

बाईंचे गाल भरले. आवाज परत आला. जिन्यात, दाराशी बोलणं वाढलं, आणि एक दिवस त्यातून 'भाऊ' कधी गळून पडलं ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही. मी तुमच्यासाठीही मागते हं, असं त्यांनी एकदा सांगून टाकलं. तो हसला खरा, पण दुसऱ्या दिवसापासून प्रार्थना संपेपर्यंत तो हातात काम धरेना. नुसता बसून राही. आपण ऐकतोय की मागतोय, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

शेवटी बाई पहिल्यांदाच त्याच्या घरात आल्या. यापुढे जेवण दोघांनी एकत्र घ्यावं, दोन चुली कशाला, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं आणि आल्या आल्या ते बोलूनही टाकलं. तो इतका गडबडला की खुर्ची द्यायलाही विसरला. ती आणायला तो वळला, तेवढ्यात बाईंना आतल्या खोलीतला फोटो दिसला. त्याची बायको मनापासून हसत होती.

बाईंनी टेबलावरचा छोटा आरसा उचलला. आरशात बघून हसल्या. मग फोटोकडे बघितलं. तो खुर्ची धरून तसाच उभा राहिला, कारण फोटोतला तो शेजारच्यावर चढलेला दात त्यालाही आत्ताच दिसला होता.

"मला खरंच कळलं नाही," तो म्हणाला. त्यात तसूभरही खोटं नव्हतं, वाईट होतं ते हेच.

"ठरवून केलं असतंत तर भांडता तरी आलं असतं," बाई म्हणाल्या.

दुसरी करतो, उद्याच करतो, सरळ दातांची करतो, असं तो एका दमात बोलून गेला. बाईंनी ऐकून घेतलं. त्यांचा आवाज चढला नाही. रडल्याही नाहीत.

"दात बदलाल हो. पण मी इतके दिवस दाराशी उभी राहून हसत होते, तेव्हा तुम्ही कुणाकडे बघत होतात?"

त्याची नजर फोटोकडे गेली.

"डोळे मिटा," त्या म्हणाल्या. "आणि माझे डोळे कसे आहेत ते सांगा."

त्याने डोळे मिटले. हसू दिसलं. गालावरची खळी दिसली, आणि ती बाईंची नव्हती. रंग आठवेना, पापण्या आठवेनात, काही म्हणजे काही आठवेना. त्याने डोळे आणखी घट्ट मिटून घेतले. बाई थांबल्या, कुणी थांबलं नसतं इतका वेळ थांबल्या. शेवटी त्याला दार लागल्याचा आवाज आला, तरीही तो डोळे मिटून शोधतच होता.