पायाला पिशवी

“मावशी, आधी पायाला पिशवी घाला. मग ट्राय करा.”

सेल्समननं प्लॅस्टिकची पिशवी आईच्या पायाशी टाकली. शेजारच्या बाकावर एक बाई बसली होती. तिच्यासमोर तोच माणूस मघाशी गुडघ्यावर बसला होता आणि तिची टाच त्याच्या तळहातात होती.

“अस्तर खराब होतं ना,” तो मला म्हणाला. आईला नाही.

दुकान घाटकोपरचं, स्टेशनजवळ. गिऱ्हाइकांसाठी नवा रंगीत टीव्ही लावलेला. आई साकीनाक्याला औषधांच्या एका कारखान्यात झाडायला आणि फरशी धुवायला होती. पंचवीस वर्षं झाली म्हणून तिचा सत्कार होणार होता, स्टेजवर बोलावून, शाल देऊन. सूचनेचा कागद मीच तिला वाचून दाखवला होता. सत्कारासाठी येणाऱ्यांनी बंद बूट किंवा सँडल घालून यावे, स्लिपर चालणार नाही. मी तेव्हा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते.

आई खूश झाली होती. तिला नुसते बूट नको होते. ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंसारखे हवे होते. काळे, पुढून बंद, मागे पट्टा, बाजूला सोनेरी बक्कल. पंचवीस वर्षं तिनं ते बूट खालून पाहिले होते, फरशी पुसता पुसता.

आईचा पंजा रुंद. जालन्याकडच्या रानात अनवाणी वाढलेला, मग असल्फ्याच्या डोंगरावर, आमच्या घरापर्यंत, पाण्याचे हंडे घेऊन चढलेला. बोटं पसरलेली, टाचांना भेगा. माझेही पाय तसेच आहेत. त्या दिवशी मी ते बाकाखाली ओढून घेतले होते.

आईनं पिशवी पायात घातली. एक जोड झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. कुठलाच शिरेना. पिशवी नुसती चुरचुर वाजत राहिली.

“लेडीजमध्ये एवढा पंजा येतच नाही,” सेल्समन म्हणाला. “जेन्ट्समध्ये बघा.”

गल्ल्यावरून मालक म्हणाला, “अरे, गमबूट दाखव ना त्यांना.”

शेजारची बाई हसली. आईसुद्धा हसली. तिला वाटलं, हसायचं असतं.

मग मालकानं माझ्याकडे पाहिलं. चष्मा, मांडीवर लायब्ररीची दोन पुस्तकं. “ताई, ह्या तुमच्याकडे कामाला आहेत का?”

मी मान हलवली. हो म्हणून.

मालकाचा आवाज मऊ झाला. त्यानं सेल्समनला माझ्यासाठी थंड पाणी आणायला सांगितलं. मी ते प्यायले. आई पिशवीतल्या पायाकडे बघत होती.

शेवटी तिनं सोनेरी बक्कलवाला एक जोड निवडला. बोटं एकमेकांवर चढवून पाय कसाबसा आत कोंबला. मी म्हटलं, राहू दे.

“गेला की पायात,” ती म्हणाली. “चार पावलं तर चालायचीत.”

आम्ही डोंगर चढून घरी आलो. वर पोचल्यावर आई म्हणाली, “बरं केलंस. तुला पाणी तरी मिळालं.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

सत्काराच्या दिवशी आईनं पांढरी साडी नेसली. आम्ही बौद्ध. शुभ दिवशी आमच्यात पांढरं नेसतात. कारखान्याच्या हॉलच्या दारात तिचा सुपरवायझर म्हणाला, “काय गं, कोण गेलं तुझं?” आई पुन्हा हसली. बूट घालून तिला दोन तास झाले होते.

तिचं नाव पुकारलं. सत्कार होणाऱ्यांनी आधी दिवा लावायचा, मग शाल घ्यायची, असं ठरलेलं होतं. दिव्यापाशी जाताना सगळे पायऱ्यांजवळ पायातलं काढत होते. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी काढलं, त्यांच्या बायकोनं काढलं. हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. लिहायची त्यांना गरज वाटली नसावी.

आई वाकली. बक्कल सुटलं, बूट निघेना. पाय आत सुजला होता. ती पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी ओढू लागली.

साहेबांची बायको म्हणाली, “दिव्यासमोर पायताण घालून कसं चालेल? ह्यांना काही शिकवलेलंच नसतं.”

“कात्री आणा रे,” सुपरवायझर म्हणाला. पुढची रांग हसली.

मी उठले आणि आईसमोर गुडघ्यावर बसले. तिची टाच हातात घेतली. बुटाच्या कडेला, करंगळीच्या बाजूनं, पायमोजा लाल झाला होता.

आई हळूच म्हणाली, “तू जा. लोक विचारतील, कोण ही.”

तेव्हा मी उभी राहिले. मी आयुष्यात कधी मोठ्यानं बोलले नव्हते. “ही माझी आई आहे. बूट तुम्ही घालायला लावलेत. आता ते निघत नाहीत. ती बुटासकट वर येईल.”

 साहेब घड्याळ बघू लागले. त्यांची बायको म्हणाली, “दिवा राहू द्या. शाल खालीच देऊन टाका.”

“खाली नको,” मी म्हणाले.

कोणी हललं नाही. मी आईला उठवलं आणि आम्ही बाहेर पडलो. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, वॉचमनकडून ब्लेड मागून मी बूट पुढून कापला. आई रडली. पायासाठी नाही. “इतका चांगला बूट,” ती म्हणाली.

सोमवारी तिला फरशीवरून काढून मागच्या गटारावर लावलं. हे तिनं मला सांगितलं नाही. गमबुटाच्या वासावरून मला कळलं. तिथं ती नोकरी संपेपर्यंत राहिली. माझ्या बोलण्याची किंमत तिनं भरली.

आईला जाऊन सतरा दिवस झाले. नेताना तिच्या पायांचे अंगठे बांधत होते. मी करंगळी पाहिली. त्या दिवसापासून तिचं नख काळंच राहिलं होतं.

हॉलमध्ये मी बोलले, हे नातेवाईक अजून कौतुकानं सांगतात. दुकानात मी मान हलवली, हे कोणालाच माहीत नाही. ते आईला माहीत होतं, आणि ती गेली.

उद्या घाटकोपरचं ते दुकान उघडलं की मी जाणार आहे. बाकावर बसून पाय पुढे करणार. पिशवी दिली तर परत देईन. गल्ल्यावर अजून तोच मालक बसतो, पण इतक्या वर्षांनी त्याला आई आठवणार नाही. गिऱ्हाइकांसमोर मी आठवण करून देईन. तो काय बोलला ते सांगेन, आणि मान कोणी हलवली तेही सांगेन. माझा पंजा आईचाच आहे. सेल्समन खाली बसून, टाच हातात घेऊन पंज्याचं माप घेईपर्यंत मी तिथून उठणार नाही.