म्हैसूरचे दिवे लागले होते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांच्या संघटनेतल्या जुन्या माणसांना नाही, ज्यांच्याबरोबर म्हैसूरला गेले त्या सोबत्यांना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल तर माझ्या लेखांवरून. आणि त्या लेखांतली बाई वेगळी आहे. ती कुणाला घाबरत नाही.

मी भिवंडीची. टेमघरला आमचं दोन खोल्यांचं घर. आई माझ्या लहानपणीच गेली, बाबा दिवसरात्र लूम कामगारांच्या संघटनेत. मला वाढवलं आत्यानं, बाबांच्या थोरल्या बहिणीनं. नवऱ्यानं टाकलेली बाई. हा शब्द मी माझ्या लेखांत कुणासाठी येऊ देत नाही, पण ती स्वतःबद्दल हाच वापरते, आणि वापरताना हसते. ती गल्लीतल्या एका कारखान्यात कांडी भरायची. म्हणजे शंकूसारख्या मोठ्या कोनावरचं सूत मशीनवर लहान कांड्यांवर गुंडाळून द्यायचं, ती कांडी मग लूमवर आडवा धागा घेऊन पळणाऱ्या धोट्यात बसते. तिच्या बोटांना कायम सूत चिकटलेलं असायचं. ती माझी वेणी घालायची तेव्हा केसांतही यायचं.

आमच्या घरात पुस्तकं थोडी, पत्रकं फार. मी अक्षरं पत्रकांवरच शिकले. गुलाबी कागद, पिवळा कागद, वर जाड ठशात ‘कामगार बंधू-भगिनींनो’. घड्या आत्या घालायची. तिला वाचता येत नाही. पण आमच्याकडे एक रीत होती: पत्रक छापायला जाण्याआधी तिला वाचून दाखवायचं. तिला एखादा शब्द अडला की तो शब्द गेला. “कठीन झाला रं,” ती म्हणायची, आणि बाबा निमूट पेन उघडायचे. बाबा गेल्यावर मी लिहू लागले, तेव्हाही ही रीत पाळली. माझं एकही वाक्य तिच्या कानांवरून गेल्याशिवाय छापलं जात नव्हतं. याचा मला अभिमान होता. भाषणांतून सांगायचे मी हे — लोक टाळ्या वाजवायचे.

मुद्द्यावर येते. येतेय.

कारखान्यात तिच्या कांडी मशीनच्या वर, भिंतीवर, आत्यानं एक चित्र लावलं होतं. कुठल्याशा सूतवाल्यानं वाटलेल्या कॅलेंडरवरचं. खालच्या तारखा तिनं कात्रीनं कापून टाकल्या होत्या. म्हैसूरचा राजवाडा, दसऱ्यातला, सगळ्या कमानी, घुमट, मनोरे दिव्यांनी काढलेले. भिवंडीत लाइट केव्हा जाईल त्याचा नेम नाही. लाइट गेली की लूम बंद, कांडी बंद, मजुरी बंद. आणि इथे कुणीतरी अख्खं घर दिव्यांनी मढवून ठेवलेलं. त्यामुळे असेल, तिला त्या चित्राचं वेड होतं. तिला दुसरं काही नको होतं हो. काशी नको, बालाजी नको. “येकदा ह्यो बघायचा,” एवढंच.

आणि दसऱ्याला तिला सुट्टी असायची. दसऱ्याला भिवंडीतले बरेच लूम थांबतात. मशीन पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. वर्षभर खडखडणारी गल्ली त्या दिवशी इतकी गप्प होते की आपलाच श्वास ऐकू येतो.

तर त्या वर्षी आमच्या लिहिणाऱ्या तरुणांचं शिबिर म्हैसूरला ठरलं, नेमकं दसऱ्यात. मी घरी सांगितलं. आत्याच्या हातात भाकरीचं पीठ होतं. ती थांबली. मग परातीकडेच बघत म्हणाली, “मना पन ने गो.”

तिनं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते हे.

मी काय केलं? मी तिला भाषण दिलं. राजवाडे म्हणजे काय, ते कुणाच्या पाठीवर उभे राहिले, ज्यांच्या घामावर हत्तीवरची ती सोन्याची अंबारी मढली त्यांच्या घरात दिवा होता का, आणि आज आपणच लांबून जाऊन त्या वैभवापुढे तोंड उघडून उभं राहायचं — ही गुलामी नाही तर काय? ती ऐकत राहिली. कठीण शब्द बरेच होते, पण या वेळी तिनं एकही अडवला नाही. शेवटी एवढंच म्हणाली, “तसा आसंल. पन बघायला काय जातंय?” मग मी सरळ खोटं बोलले. म्हटलं, शिबिरात बाहेरच्या कुणाला आणायची परवानगी नाही.

“मंग ऱ्हाऊंदे,” ती म्हणाली, आणि भाकरी थापायला लागली.

ते भाषण खोटं होतं असं मी म्हणत नाही. त्यातलं अक्षर न् अक्षर मी आजही मानते. म्हणूनच तर सांगायला जड जातंय. खऱ्या गोष्टीमागे लपून मी खोटं वागले. कारण वेगळंच होतं, आणि ते इतकं हलकं आहे की लिहिताना हात थांबतो. मला तिची लाज वाटत होती. ती सोबत्यांसमोर मोठ्यानं ‘मना-तुना’ बोलेल. राजवाड्याच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावेल. सिंहासनापुढे हात जोडेल. आणि लोक माझ्याकडे बघतील. आगरी बोली हीही मराठीच, तिची लाज बाळगणं म्हणजे स्वतःच्या आईची लाज बाळगणं — हे वाक्य माझं आहे. छापलेलं आहे.

शिबिराला सोलापूरची एक मैत्रीण आईला घेऊन आली होती. कुणी काही म्हटलं नाही. उलट सगळे त्या काकूंच्या मागेपुढे. काकूंनी मला विचारलं, “तुझ्या घरी कोण असतं गं?” मी म्हटलं, “आत्या.” “मग तिला का नाही आणलंस?” मी म्हटलं, “तिला असल्या गोष्टींची आवड नाही.”

संध्याकाळी आम्ही राजवाड्यासमोरच्या मैदानात गेलो. गर्दी अशी की पाय ठेवायला जागा नाही. बापांच्या खांद्यांवर पोरं, बायकांच्या केसांत मोगऱ्याचे गजरे, कुठूनतरी बँडचा आवाज. राजवाडा अंधारात नुसता काळा. माझ्या डोक्यात लेखाची पहिली ओळसुद्धा तयार होती, बोचरी. आणि मग, एका क्षणात, सगळं लागलं. एकेक नाही, हळूहळू नाही — सगळं एकदम. मैदानाच्या तोंडून एकच ‘आ’ निघाला. त्यात माझाही आवाज होता. कशासारखं दिसत होतं ते? नाही सांगता येत. तेवढ्या वेळात मला राजा आठवला नाही, प्रजा आठवली नाही, पत्रक आठवलं नाही. शेजारच्या मैत्रिणीनं मला कोपरानं ढोसलं, म्हणून मी खाली पाहिलं. माझे हात जोडलेले होते.

दुसऱ्या दिवशी मिरवणूकही पाहिली. सजवलेले हत्ती, सोन्याची अंबारी, आत चामुंडीदेवीची मूर्ती. पोटभर पाहिली. फोनमध्ये फोटो काढले, आणि परतीच्या गाडीत बसून एकेक करून पुसले.

घरी पोचले. चपला काढायच्या आधी आत्यानं विचारलं, “बघलेस का गो दिवे?”

किती सोपं होतं! ‘हो’ म्हणायचं. समोर बसून तिला सांगायचं. पण ‘हो’ म्हटलं असतं तर माझ्या तोंडावर दिसलं असतं, की मला आवडलं. की जे तिला नाकारलं ते मी स्वतः मिटक्या मारत खाऊन आले. मी म्हटलं, “लावलेच नाहीत. पाऊस होता. वायरिंग बिघडलं म्हणाले.”

“आरं द्येवा!” ती हळहळली. स्वतःसाठी नाही, माझ्यासाठी. “येवऱ्या लांब गेलीस पोरी, नि काळोख बघून आलीस.” मग तिनं मला चहा दिला.

म्हैसूरवरचा लेख मी लिहिला. ‘झगमगाटामागचा काळोख’ असलं काहीतरी. दिव्यांचं वर्णन त्यात होतं, चांगलं जमलेलं. तो तिला वाचून दाखवला नाही. रीत मी तिथेच मोडली. तिनं विचारलं, यंदा काय लिहिलंस? मी म्हटलं, घाईत द्यावं लागलं.

इथेच थांबलं असतं तरी मी कदाचित गप्प राहिले असते. माणसं लहान लहान खोटं बोलतात, विसरतात. पण पुढचं ऐका.

आत्याच्या शेजारच्या मशीनवर सायराभाभी कांडी भरायची. घरचे मूळ उत्तर प्रदेशातले. या दोघींची वर्षानुवर्षांची जोडी. एकमेकींचे डबे खायच्या, एकमेकींच्या नवऱ्यांना शिव्या द्यायच्या. त्यांच्या दोस्तीवर मी एक लेख लिहिला होता. धर्माच्या नावानं भांडणाऱ्यांनी या दोन बायकांकडे बघावं, असा. तो लेख अजून फिरतो.

आत्या डबा विसरली म्हणून मी तो द्यायला गेले होते. सायराभाभी फोन नाचवत उभी होती. “मौसी, ये देख! तेरा महल! मेरी ननद का लड़का उधर काम पे है, उसने भेजा. इसी दशहरे का है.”

आत्यानं डोळे बारीक करून पाहिलं. “मागल्या सालचा आसंल.”

“अरे पिछला साल कैसे? देख ना, लड़का खुद खड़ा है! वो तो अभी गया है उधर.”

“माजी पोर तिथं व्हती. दिवे लावलेच न्हाईत.”

“तो सो गई होगी तेरी पोर!” बाकीच्या बायका खिदळल्या. “इतना बड़ा महल नहीं दिखा, चश्मा दिला दे उसको!”

आत्या माझ्याकडे वळली. हसत होती, खात्रीनं. “सांग गो हिला.”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मशीन चालू होती. मी म्हटलं, “पाऊस होता.”

सायराभाभीनं माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. तिला कळलं. तिनं फोन बंद करून कमरेला खोचला आणि आवाज खाली आणून म्हणाली, “जाने दे मौसी. पढ़ी-लिखी है, सही बोलती होगी.”

“होगी म्हंजे?” आत्या भडकली. तिला तसं भडकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. “खोटारडी म्हन्तेस माज्या पोरीला? तिचा बाप कवा खोटा बोलला न्हाय, ती न्हाय बोलायची! तुजा फोन खोटा!”

मग शब्द वाढले. वाढत गेले. आणि मी डबा खाली ठेवून निघून आले. दोघींमधलं बोलणं त्या दिवशी संपलं. आत्यानं मशीन बदलून घेतलं. ईदला येणारा शीरखुर्म्याचा वाडगा यायचा थांबला, दिवाळीला जाणारं ताट जायचं थांबलं. गल्लीत लोक माना हलवून म्हणू लागले, शेवटी ते ते आणि आपण आपण. मी ते ऐकलं. ऐकून काही बोलले नाही. त्या भांडणात खोटं कोण बोललं हे गल्लीत दोघींनाच ठाऊक होतं, मला आणि सायराभाभीला. तिनंही कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? माझ्यासाठी नक्कीच नाही.

भिंतीवरचं चित्र आत्यानं काढलं. म्हणाली, “लावीत न्हाईत तर कशाला लटकवायचा?” आणि घरी आणून मसाल्याच्या डब्यांखाली अंथरलं.

पुढच्या दसऱ्याला नेऊ, त्याच्या पुढच्या दसऱ्याला नेऊ — मनात म्हणत राहिले. पण नेणार कशी? तिथे गेली असती तर कुणाकडून तरी तिला कळलं असतं की त्या वर्षीही दिवे लागले होते. मग तिची साखर वाढली. डोळ्यांच्या पडद्यात रक्त उतरलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं, ऊन असेल तर दाराची चौकट.

सायराभाभी एकदा दारापर्यंत आली होती, तब्येत विचारायला. आत्या आतून म्हणाली, “सांग, निजलीय.” ती जागी होती. मी बाहेर जाऊन तेच सांगितलं.

आत्याला आजही सांगता येईल. ती शेजारच्या खोलीत आहे. हा मजकूर मोठ्यानं वाचला तर भिंतीपलीकडून ऐकू जाईल. मी मनातल्या मनात वाचतेय.

गेल्या दसऱ्याची दुपार. लूम थांबलेले, गल्ली गप्प. आत्या खाटेवर बसली होती, तोंड दाराच्या उजेडाकडे. मधेच म्हणाली, “तवा पाऊस नसता, न् दिवे लावले असते, तर कसा दिसला असता गो?”

मला सगळं आठवत होतं. एकेक कमान. त्या ‘आ’चा आवाज. माझे जोडलेले हात. तिनं विचारलं होतं, आणि तिला आता बघता येणार नव्हतं, फक्त ऐकता येणार होतं. खोटं न मोडताही सांगता आलं असतं.

मी म्हटलं, “मला काय माहीत.”

“व्हय,” ती म्हणाली. “तू तरी कुठं बघलास.” आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.