मीनाताई आणि उन्हाचा कोपरा

मीनाताई गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर काडीचाही विश्वास ठेवत नसत. अमेरिकेत व्हरमाँटच्या दरीत आम्ही प्लॉट घेतला, तेव्हा आर्किटेक्ट म्हणून त्या पहिल्यांदा श्रूजबरीच्या आमच्या तेव्हाच्या घरी आल्या. मी हौसेने डोंगरांचे फोटो पुढे केले, तर बाई थेट दारामागचा चपलांचा ढीग बघायला गेल्या. "लोक सांगतात एक आणि राहतात भलतंच," म्हणाल्या. मग ट्रेडमिलवर वाळत घातलेले टॉवेल त्यांना दिसले, आणि नव्या घरातली माझी होम जिम जागच्या जागी कॅन्सल झाली.

प्लॉटच्या दक्षिणेला उंच डोंगर. हिवाळ्यात ऊन यायचं ते दुपारी, तेही एकाच कोपऱ्यात. भर जानेवारीत गुडघाभर बर्फात उभं राहून मीनाताईंनी तो हेरला. मी गाडीत हीटर लावून त्यांना मोलाच्या सूचना करत होतो. तो कोपरा आईचा, असं मी जाहीर करून टाकलं. वडील गेल्यापासून आई पुण्यात एकटी. तिला कायमचं इथे आणायचं, म्हणून तर घराचा एवढा घाट!

पण दर नव्या ड्रॉइंगमध्ये आईची खोली थोडी आक्रसायची आणि स्वयंपाकघर त्या कोपऱ्याकडे सरकायचं. माझी बायको मृणाल आणि मीनाताई फोनवर कुजबुजत असायच्या. मी आलो की विषय टाइल्सवर यायचा. माझ्या मनात पाल चुकचुकली. सासूचा काटा पेन्सिलीने काढतायत!

शेवटी खोली पार उत्तरेला गेली, तेव्हा मी मृणालसमोरच भडकलो. "ताई, खरं सांगा. हे मृणालचं डोकं ना?"

"संशय घ्यायचा तर योग्य माणसावर घे," म्हणत त्यांनी पुण्याला फोन लावला. स्पीकरवर आई.

"अगं मीना, सांगितलंस का त्याला?"

"तुम्हीच सांगा, काकू."

"अरे, हिने फोन करून विचारलं, तेव्हा मीच म्हटलं तिला. मी उन्हाळ्यात येईन महिनाभर. कायमची नाही यायची मी. इथे माझी भिशी आहे, मैत्रिणी आहेत. तिथे बर्फात खिडकीशी बसून काय करू, हरणं मोजू? ते ऊन मृणालला दे. बारा महिने ती राहणार आहे तिथे."

"मग मला का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कुठे? सारखी खोलीच दाखवत होतास."

"आईंनी शपथ घातली होती," मृणाल हळूच म्हणाली.

फोन ठेवल्यावर मीनाताईंनी सगळी ड्रॉइंग्ज गुंडाळली आणि टेबलावर नवा कोरा कागद पसरला.

"हं, आता सांग. घर कुणासाठी बांधायचंय?"

मृणाल माझ्याकडे बघत होती. या वेळी मी तिलाच विचारलं, "तुला कसं घर हवंय?" मीनाताई पेन्सिल खाली ठेवून ऐकायला बसल्या.